शांत चित्रपटाला अमेरिकेत वाट कोण काढून देतं?

जानेवारी २०२५मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या पहिल्याच कथापटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि अमेरिकी समीक्षकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं. वडील गेल्यावर दहाव्यापर्यंत नगर जिल्ह्यातल्या गावी राहायला आलेला मुंबईचा आनंद आणि लग्न न झालेला शेतकरी बाळ्या यांच्यातली ओढ, एवढीच गोष्ट. पार्श्वसंगीत नाही, कॅमेऱ्याची धावपळ नाही. घोड किंवा भीमा ओलांडली की नगर जिल्हा सुरू, तेव्हा शिरूर-दौंडच्या वाचकाला सुतकाचं घर आणि ‘पोराच्या लग्नाचं काय?’ ही पाहुण्यांची चौकशी समजावून सांगायला नको. समजावून सांगायला हवी ती अमेरिका. हे कौतुक म्हणजे निव्वळ उच्च अभिरुची, असा आपल्याकडे समज होतो. माझ्या मते त्यात अभिरुचीपेक्षा व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

आधी आपल्याकडची व्यवस्था पाहू. शिरूरच्या पैलतीरावरच्या गव्हाणेवाडीचे भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ हा चित्रपट केला. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि नाव सर्वदूर गेलं. म्हणजे पहिली मोहोर सरकारची. अमेरिकेत अशी सोयच नाही. चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार देणारं सरकार नाही आणि सेन्सॉर मंडळही नाही. १९५२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. वयोगटाचे शिक्के चित्रपट उद्योगाची संघटना देते, तेही ऐच्छिक. सरकारनं मोकळी सोडलेली ही जागा महोत्सव आणि समीक्षक यांनी व्यापली. छोटा चित्रपट आधी न्यूयॉर्कच्या एखाद-दुसऱ्या पडद्यावर लागतो, परीक्षणं बरी आली तर इतर शहरांत जातो. जाहिरातीला पैसा नसतो, म्हणून परीक्षण हीच त्याची जाहिरात. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाची टक्केवारीही याच कामाला येते. ती चित्रपट किती चांगला हे सांगत नाही, किती टक्के समीक्षकांना तो पसंत पडला एवढंच सांगते. सगळ्यांना जेमतेम आवडलेला चित्रपट शंभर टक्के मिळवतो. निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला आणि निम्म्यांनी झिडकारलेला पन्नासावर अडकतो. कुणाला न दुखावणाऱ्या संयत चित्रपटाला हे गणित मानवतं. (आपल्याकडे हे आकडे परीक्षेच्या गुणांसारखे मिरवले जातात, ते वेगळंच.)

यावर कुणी म्हणेल, विषय समलिंगी प्रेमाचा, वर भारतीय खेडं. अमेरिकेला हेच हवं असतं. विषयामुळे दार लवकर उघडलं असेल, हे मी नाकारत नाही. पण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये यातलं काहीच नव्हतं. मुंबईतल्या एका शास्त्रीय गायकाची ती गोष्ट. २०२०मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचं पारितोषिक घेऊन तो आला आणि अमेरिकी समीक्षकांनी त्याचाही आदरच केला. दोन्ही चित्रपटांना समान होती ती महोत्सवाची पायरी. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: अमेरिकी प्रेक्षक तरी असे चित्रपट कुठे पाहतो? फारसा पाहत नाही, हे खरंच. गर्दी तिथेही सुपरहिरोंचीच. फरक इतकाच, की पडद्यावरून उतरल्यावरही छापील परीक्षण उरतं आणि पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे करताना दिग्दर्शकाला ते दाखवता येतं.

मात्र ही व्यवस्थाही आता विरत चालली आहे. न्यूयॉर्कमध्ये लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटाचं परीक्षण छापण्याची प्रथा ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २०१५मध्ये सोडली. २०२५मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’नं चित्रपट समीक्षकाचं पदच काढून टाकलं. मोठ्या चित्रपटांना याचा फटका बसत नाही, त्यांची जाहिरात परीक्षणावर कधी अवलंबून नव्हतीच. गव्हाणेवाडीसारख्या गावातून पुढचा चित्रपट अमेरिकेत जायचा असेल, तर सनडान्सची मोहोर मिळूनही तो लागल्याची खबर शहरोशहरी पोहोचवणारे पूर्वीपेक्षा कमी असतील.