सायबर गुन्ह्यांचा अभ्यास : भाग ६
जालन्याची सीडी

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८मध्ये ९४ कोटी रुपये कसे पळवले गेले, ते मागच्या भागात पाहिलं. तेव्हा एक प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता : यंत्रातल्या नोंदी न्यायाधीशांसमोर ठेवायच्या कशा? सायबर गुन्हे शिकायला येणाऱ्या मुलांना वाटतं, आता हॅकिंग शिकवतील. तेही थोडं असतंच. पण गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठातला डिजिटल फॉरेन्सिक्सचा एम.एस्सी. असो की कायद्याच्या पदव्युत्तर वर्गातला सायबरचा पेपर, गाडी शेवटी पुराव्यापाशी येते. आणि पुराव्याचा धडा जालन्याला वळसा घालून पुढे जाऊच शकत नाही.

गंमत म्हणजे जालन्याच्या ज्या खटल्यावरून हा धडा शिकवतात, त्यात हॅकर नाही, बँक नाही. होती ती जालन्याची २०१४ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल यांचं म्हणणं असं की, २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर खोतकरांचा उमेदवारी अर्ज घेतला गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे चालू होते, त्यामुळे चित्रीकरणाच्या सीड्या मिळाल्या. मिळालं नाही ते फक्त तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र, म्हणजे यंत्र सांभाळणाऱ्याने नकलेबद्दल दिलेली लेखी हमी. वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची उलटतपासणीतली साक्ष पुरेशी मानली आणि २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२०ला निकाल दिला. मूळ यंत्रच न्यायालयात आणलं तर प्रमाणपत्र नको. नक्कल आणली तर ते हवंच, तोंडी साक्षीवर भागणार नाही. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि तरी समोरच्याने दिलंच नाही, त्याच्याकडून कायदा अशक्याची अपेक्षा धरत नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ला गोरंट्याल निवडूनही आले होते! राजकारणाच्या दृष्टीने शिळा झालेला हा निकाल पुराव्याच्या अभ्यासकाला मात्र पाठ असावा लागतो.

प्रमाणपत्राचा एवढा आग्रह का? कागदावर खाडाखोड केली की दिसते, फाइलवर दिसत नाही. म्हणून जप्त केलेल्या डिस्कची नक्कल घेताना मधे ‘राइट ब्लॉकर’ लावतात. त्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. मग त्या नकलेची हॅश काढतात. शेकडो जीबींचा ऐवज गणिताच्या चरकातून काढला की हाती ६४ अक्षर-अंकांची एक ओळ उरते. ही झाली एसएचए-२५६ पद्धत. प्रात्यक्षिकात मुलांना एक पूर्णविराम खोडायला लावून हॅश पुन्हा काढायला सांगतात. ओळ पार बदललेली दिसते, जुनीशी नातं सांगायलाही जागा उरत नाही.

१ जुलै २०२४पासून ६५-बच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं आणि हॅश थेट प्रमाणपत्राच्या नमुन्यातच आली. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. हे चांगलं झालं. फक्त त्यातल्या चौकटींत एसएचए-२५६च्या जोडीला एमडी५ आणि एसएचए-१ ही नावं बघून माझ्या कपाळावर आठी पडते. दोन वेगळ्या फाइलींची एमडी५ हॅश एकच निघू शकते, हे २००४मध्येच दाखवलं गेलं. एसएचए-१चं तेच २०१७मध्ये झालं. म्हणून जुने पुरावे लगेच बाद होत नाहीत. आधीपासून असलेल्या फाइलीला जुळणारी दुसरी घडवणं ही फार कठीण गोष्ट आहे. पण दोन्ही फाइली मुळात एकाच लबाडाने जोडीने तयार केल्या असतील तर? एम.एस्सी. झालेल्याने तरी डोळे मिटून एसएचए-२५६च्या चौकटीत खूण करावी.

आता हे सगळं तुमच्या-आमच्या घरात आणू. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत’ असा फोन आला आणि शेजारच्या काकूंचे पैसे गेले, असं समजा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार लगेच करायची. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आले तर तेवढ्यातच. पण काकू आधी काय करतील? सुनेला कळू नये म्हणून सगळे मेसेज पुसतील. पुराव्याचं नुकसान गुन्हेगार करतो त्याहून जास्त ही लाज करते. समजा, काकूंनी काहीच पुसलं नाही, स्क्रीनशॉट काढले, फोनही जपून ठेवला. तरी त्या स्क्रीनशॉटच्या प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ कोण भरणार? फोन काकूंचा, म्हणजे सही काकूंची. आणि त्याच पानावर त्यांना विचारलेलं असतं : हॅश किती, आणि कोणत्या पद्धतीने काढली?