प्रवाशाला काय विचारायचं?

मार्च 2009 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात साउथ बाय साउथवेस्ट हा महोत्सव भरला होता. फोरस्क्वेअर हे ॲप लोकांसमोर आलं ते तिथे. आयफोनचं ॲप स्टोअर उघडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डेनिस क्राउली आणि नवीन सेल्वादुराई यांच्या या ॲपला माणसाकडून एवढंच हवं होतं: आत्ता कुठे आहात? तुम्ही 'चेक-इन' करायचं, ते मित्रांना दिसायचं, आणि एखाद्या जागी सगळ्यांत जास्त हजेरी लावणारा तिथला 'मेयर' व्हायचा. कोणी कॅफेचा मेयर, कोणी विमानतळाचा. आज हसू येतं, पण तेव्हा या पदासाठी चांगली चढाओढ चालायची.

ऑस्टिनमधलंच गोवाला हे त्याचं प्रतिस्पर्धी. तिथे चेक-इन केलं की आपल्या पासपोर्टावर शिक्का उमटायचा, आणि ते शिक्के फार निगुतीने काढलेले असत. दिसायला गोवालाच उजवं होतं. सप्टेंबर 2011 मध्ये त्यांनी शिक्क्यांच्या खेळावरचा भर कमी करून प्रवासाच्या गोष्टी आणि शहरांच्या वाटाड्या-पानांवर सगळा डाव लावला. तीनच महिन्यांनी फेसबुकने ती मंडळी आपल्याकडे घेतली आणि मार्च 2012 मध्ये गोवाला बंद झालं. फोरस्क्वेअर पुष्कळ तगलं. 2014 मध्ये त्याची वाटणी झाली. चेक-इन 'स्वॉर्म'कडे गेलं, जागा सुचवण्याचं काम मूळ नावाखाली राहिलं. ते 'फोरस्क्वेअर सिटी गाइड' ॲपही डिसेंबर 2024 मध्ये मिटलं.

अशी ॲप्स बंद पडली की पैसा संपला, स्पर्धा वाढली, वेळ चुकली अशी कारणं सांगतात. ती खोटी नाहीत. पण ही सोळा-सतरा वर्षं एका ओळीत मांडली तर मला दुसरंच काहीतरी ठळक दिसतं. प्रत्येक ॲपने प्रवाशाला एक प्रश्न विचारला आणि प्रवाशाने तेवढ्याचंच उत्तर दिलं. 'कुठे आहात?' हा प्रश्न संध्याकाळी मित्रांना गाठायला ठीक आहे. पण मी आज भीमाशंकरला आहे हे कळून पुढच्या आठवड्यात तिथे जाणाऱ्याच्या हाती काय लागतं?

प्रश्न बदलला की काय होतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण इन्स्टाग्राम. मुळात तेही चेक-इनचंच ॲप होतं. नाव होतं बर्बन, ते बनवणाऱ्या केविन सिस्ट्रॉमच्या आवडत्या व्हिस्कीवरून ठेवलेलं. त्यात चेक-इन होतं, पुढचे बेत होते, गुण होते, फोटोही होते. थोडक्यात, आपल्याकडे कोणत्याही ॲपच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर जी यादी लिहिली जाते ती सगळीच्या सगळी होती. माइक क्रीगर येऊन मिळाल्यावर दोघांनी लोक नेमकं काय वापरतात ते पाहिलं. फोटो सोडून बाकीच्याकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. त्यांनी फोटो, प्रतिक्रिया आणि लाइक ठेवलं, बाकी सगळं काढून टाकलं. बांधलेलं काढून टाकायला काय जिवावर येतं, हे ज्यांनी ॲप बांधलंय त्यांनाच ठाऊक.

पुढची गोष्ट तर सहलीतच घडली. सिस्ट्रॉम मेक्सिकोतल्या तोदोस सांतोस या गावी सुटीवर होता. सोबतची मैत्रीण म्हणाली, माझे फोटो तुझ्या त्या मित्रासारखे येत नाहीत, मी काही ते ॲपवर टाकणार नाही. मित्र फोटोंना फिल्टर लावायचा, हे सिस्ट्रॉमने सांगितलं. मग आपल्याही ॲपला फिल्टर हवेत असं ठरलं आणि एक्स-प्रो टू हा पहिला फिल्टर त्याने तिथेच, सुटीतच, तयार केला. इन्स्टाग्रामवरच्या अगदी पहिल्या फोटोंपैकी एक तिथलाच आहे: टाको विकणाऱ्या टपरीपाशी बसलेला कुत्रा आणि कडेला मैत्रिणीचं पाऊल. 6 ऑक्टोबर 2010 रोजी ॲप खुलं झालं आणि पहिल्याच दिवशी सुमारे 25,000 लोक आले.

त्यात आणखी एक खुबी होती, ती बांधणाऱ्यांनी आजही गिरवावी. फोटोखाली काय लिहायचं याचा विचार करत तुम्ही टाइप करत असता, तेव्हाच तो मागच्या मागे सर्व्हरकडे निघालेला असायचा. बटण दाबेपर्यंत काम बहुतेक उरकलेलं. मंद नेटवर्कवरही ॲप चपळ वाटायचं ते यामुळे. एप्रिल 2012 मध्ये फेसबुकने ते 100 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं तेव्हा कंपनीत 13 माणसं होती.

कारागिरी म्हणून याला तोड नाही. पण प्रश्न आता 'फोटो कसा आलाय?' असा झाला होता, आणि त्या प्रश्नात वाट, एसटी, खर्च, ऊन, पायाला आलेले फोड यांना जागाच नव्हती. ऑगस्ट 2012 मध्ये इन्स्टाग्रामने आपले फोटो जगाच्या नकाशावर मांडून दाखवणारी सोय आणली होती. 2016 मध्ये ती काढून टाकली, कारण फार थोडे लोक ती वापरत होते. प्रवास तिथे पडद्यासारखा मागे टांगलेला राहिला.

आपल्याकडे हा सगळा काळ वेगळ्या अडचणींत गेला. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर मराठी मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी दिसत. फोनची स्वतःची भाषा मराठी करण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आली ती 2014 च्या पाचव्या आवृत्तीत. डेटा स्वस्त झाला सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर. तोवर प्रवासवर्णन फोनवर मराठीतून लिहिणं हा हौशी माणसाचा उद्योग होता. सह्याद्रीत तर आजही घाटमाथा सोडून दरीत उतरलं की नेटवर्क जातं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते थेट उपग्रहांकडून जागा काढतं, पण पुण्या-मुंबईच्या ऑफिसात वायफायवर तपासलेल्या ॲपला हे कोण सांगणार? माहिती आधी फोनमध्ये साठवा, रेंज आल्यावर वर पाठवा, ही आखणी पहिल्या दिवसापासून हवी. मागाहून ती बसवायला गेलं की निम्मं ॲप उकलावं लागतं.

दुसरी अडचण सगळ्यांचीच. चारचौघांचं मराठी घर फिरायला निघतं ते दिवाळीत आणि मे महिन्यात. मधले महिने ॲप उघडायचं कशासाठी? मग नोटिफिकेशनचा मारा सुरू होतो, आणि फोनची जागा भरली की पहिली कुऱ्हाड याच ॲपवर पडते.

नेदरलँड्समधल्या पोलरस्टेप्सने यातून बरा मार्ग काढला. हे ॲप जवळजवळ काहीच विचारत नाही. फोन खिशात असतो, ॲप बॅटरी सांभाळत अधूनमधून जागा टिपतं, नेटवर्क नसलं तरी वाट नोंदतं. सहल संपली की त्या वाटेचं आणि फोटोंचं छापील पुस्तक विकत घेता येतं. मला या सगळ्यांत हेच ॲप सर्वांत समजूतदार वाटतं. मात्र त्याचा उपयोग मुख्यतः स्वतःला आणि घरच्यांना. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला त्यातून थोडंच मिळतं.

त्या माणसासाठी उरले गुगल मॅप्सचे तारे. 2015 पासून लोकल गाइड्स योजनेत गुगल अभिप्रायाला, फोटोला गुण देतं. आता किल्ल्याला तारे कसे द्यायचे? कोणत्याही गाजलेल्या किल्ल्याचे अभिप्राय उघडून पाहा: पाच तारे, 'जय शिवराय', 'खूप छान ठिकाण', 'एकदा अवश्य भेट द्या'. भावना खरी आहे, पण पाणी कुठे मिळेल ते मात्र कळत नाही.

याउलट डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने किल्ल्यांची माहिती लिहिताना ठरीव मथळे धरले. इतिहास, पाहण्याची ठिकाणं, पोहोचण्याच्या वाटा, आणि शेवटी राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, जाण्यासाठी लागणारा वेळ. रचनेत चमकदार काही नाही. पण डोंगरात जाणारा माणूस आदल्या रात्री जे विचारतो तेच तिथे विचारलेलं आहे, म्हणून लिहिणाऱ्यानेही त्याचंच उत्तर दिलं. जुन्या प्रवासवर्णनातही हेच दिसतं. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' 1857 च्या धामधुमीतला. तो कागदावर उतरला काही दशकांनी, चिंतामणराव वैद्यांनी मागे लागून लिहायला लावल्यावर, आणि छापला गेला 1907 मध्ये. विचारणारा जाणता असला की असं होतं.

फोटोला जोडलेला नुसता जागेचा टॅग तर धोक्याचाही ठरतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने पाहुण्यांना विनवलं, की फोटोला नेमकी जागा जोडू नका, गर्दीने रानाची वाट लागते. इकडे हरिहर किल्ल्याच्या कातळपायऱ्यांवर शनिवार-रविवारी रांगा लागतात, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश काढावे लागतात. टॅगमुळे जागा कळते, पण पावसाने वाट निसरडी झाली की कुठून मागे फिरायचं ते कळत नाही.

असं ॲप पुन्हा कोणी बांधायला घेतलंच, आणि कोणीतरी घेणारच, तर लॉगिन, फॉलो, बॅज यांच्या आधी तीन प्रश्नांचा पडदा बांधावा: कोणत्या महिन्यात गेलात, पाणी कुठे मिळालं, वाट कुठे चुकते. नेटवर्क नसताना, एका हाताने, मराठीत भरता येईल असा. आणि ते येईपर्यंत तुम्ही किल्ल्यावरून उतरलात की गुगल मॅप्सवर पाच तारे देऊन थांबू नका. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं होतं की नाही, तेवढं महिन्यासकट लिहा.