मराठी मातीतल्या मोटारीचा घात कुणी केला?

बिडकीनला टोयोटा-किर्लोस्कर येणार, या बातमीने जिल्हाभर स्वप्नांची पेरणी केली आहे. जुलै २०२४ चा सामंजस्य करार, वीस हजार कोटींची गुंतवणूक, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या, हे सगळे आता कन्नडच्या आयटीआयमधल्या पोरांनाही पाठ आहे. कंपनीच्या नावातल्या मराठी आडनावाचे वजन मात्र फारसे कुणी तोलून पाहत नाही. तिच्यात टोयोटाचा वाटा ८९ टक्के, किर्लोस्करांचा ११.

मग आपली मोटार कुठे गेली?

याचे ठरलेले उत्तर आहे: ‘युनियनने कंपनी खाल्ली.’ दुसरे उत्तर सरकारच्या नावाने, तिसरे परदेशी कंपन्यांच्या नावाने. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पण ही उत्तरे ज्यांच्या तोंडून सर्वाधिक ऐकू येतात, त्या मालकवर्गाचे नाव या यादीत कधीच नसते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून मोटारीचा कारखाना काढायचा होता. अभियंते विश्वेश्वरय्यांनी योजना आखली होती, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला होता. इंग्रज सरकारने युद्धाचे निमित्त करून मोडता घातला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. नुसती सुट्या भागांची जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांना १९५० च्या दशकात गाशा गुंडाळावा लागला. बाजार उरला तो हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि स्टँडर्ड यांच्यापुरता.

सरकारचा दोष इथून सुरू होतो. किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर, आणि १९६९ पासून किमतीही सरकारच्या हुकमाने. प्रीमियरला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. नफाच आवळलेला असेल तर नवे मॉडेल कुठून येणार, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता.

पण पुरताही नव्हता. त्याच परवान्याने प्रीमियरला स्पर्धेपासून वाचवले. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत बसायचे, आणि हाती यायची ती १९५० च्या दशकातली फियाट ११००. ती आधी डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट, मग १९७४ मध्ये पद्मिनी. नावे बदलली, गाडी मुळात तीच राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा प्रीमियरजवळ तिला द्यायला स्वतःचे उत्तर नव्हते. १९८५ मध्ये आलेल्या ११८ एनईचा सांगाडा फियाटच्या जुन्या गाडीचा आणि इंजिन निसानच्या वळणाचे. चाळीस वर्षे मोटारी काढणाऱ्या कारखान्याने उसनवारीच चालू ठेवली.

आता युनियन. कुर्ल्यात कामगार नेते दत्ता सामंतांचा दबदबा होता आणि संपांनी उत्पादनाचे कंबरडे मोडले, हे खरे. नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या जोडीने प्यूजो आली ती कल्याणच्या कारखान्यातल्या अशांततेत अडकली आणि काही वर्षांतच निघून गेली. ही कहाणी सांगणारे पुण्याची कहाणी मात्र सांगत नाहीत. १९८९ मध्ये टाटांच्या टेल्कोतल्या पिंपरी-चिंचवडच्या कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली इतका कडवा लढा दिला, की शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्यांना हटवायला पोलीस पाठवावे लागले. राज्य तेच, कामगार कायदे तेच. त्याच टेल्कोने दोन वर्षांनी सिएरा आणि १९९८ मध्ये इंडिका बाजारात आणली.

इंडिकाचे पहिले ग्राहक तक्रारी घेऊनच परतले. २०००-०१ मध्ये कंपनीला पाचशे कोटींचा तोटा झाला, मोटारींचा धंदा फोर्डला विकण्याची बोलणीही झाली होती. पण दुरुस्त होऊन आलेली इंडिका व्ही २ चालली, कारण गाडी आपली होती आणि तिच्यात काय बिघडले ते आपल्याच अभियंत्यांना कळत होते. ही क्षमता प्रीमियरला कधीच परवडली नाही, असे म्हणण्यापेक्षा तिने ती कधी कमावलीच नाही, असे म्हणणे रास्त. टाटांची नॅनो आपटली तेव्हाही सिंगूरच्या आंदोलनाचे नाव पुढे झाले. खुद्द रतन टाटांनी नंतर कबूल केले, की ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी तिची ओळख करून देणे चुकले. ही चूक ना ममता बॅनर्जींची, ना कामगारांची.

एका प्रकरणात मात्र सरकारला सूट देता येत नाही, आणि ते थेट आपल्या वाळूजचे आहे.

बजाजने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आरई ६० दाखवली. २१६ सीसीचे इंजिन, ताशी ७० किलोमीटरचा कमाल वेग आणि डोक्यावर धड छप्पर. ही मोटार नव्हे, रिक्षाला पर्याय आहे, असे राजीव बजाज सांगत राहिले. पण आपल्या कायद्यात अशा वाहनाला खानाच नव्हता. खाना तयार करायचा ठरला, तर प्रतिस्पर्ध्यांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढला, ठिकठिकाणी याचिका पडल्या. पावसात भिजत, तीन चाकांवर हेलकावे खात जाणाऱ्या प्रवाशाच्या सुरक्षिततेची काळजी त्यांच्यापैकी कुणी किती वाहिली, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. वाळूजला तयार होणारी ही गाडी २०१५ पासून ‘क्यूट’ नावाने परदेशात जाऊ लागली. महाराष्ट्रात ती विक्रीला आली एप्रिल २०१९ मध्ये, किंमत दोन लाख ४८ हजारांपासून पुढे. सात वर्षांनी. तोवर तिचा मोका हुकला होता. कन्नड-खुलताबादच्या ज्या घरांतली माणसे वाळूजला कामाला जातात, त्यांच्या दारात ही गाडी सहज शोभली असती.

तेव्हा दोषाची वाटणी करायची तर अशी होते: क्यूटची सात वर्षे सरकारच्या खात्यावर, कुर्ल्याचे काही हंगाम संपांच्या खात्यावर, आणि उरलेला मोठा हिस्सा त्या संचालक मंडळांच्या खात्यावर, ज्यांनी बंदिस्त बाजाराची मलई खाल्ली आणि संशोधनावर खर्च करायचे टाळले. महिंद्राने २०२५ मध्ये काही महिने ह्युंदाईला मागे टाकून देशात दुसरा क्रमांक मिळवला, तो चाकण-नाशिकच्या कामगारांसह आणि याच कायद्यांखाली.

बिडकीनच्या बाबतीत यातून घ्यायचा धडा आपल्या दारातच आहे. शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून आहे. तिथे प्रामुख्याने बाहेरून आलेल्या भागांची जोडणी चालली. कुशाक आणि स्लाव्हिया या खास भारतासाठी घडवलेल्या गाड्या निघाल्या त्या चाकणहून. जोडणीच्या रांगेतला रोजगार वाईट नाही, पण तो कंपनीच्या मर्जीवर राहतो. टोयोटाला जमीन, पाणी आणि सवलती देताना इथल्या लोकप्रतिनिधींनी नोकऱ्यांच्या आकड्यावर समाधान मानू नये. किती सुटे भाग मराठवाड्यात बनणार, किती अभियंते इथे आराखड्याचे काम करणार आणि कंत्राटी कामगार किती, हे तीन आकडे करारात लिहून घ्यावेत आणि ते जाहीर करावेत.