विचार, जोडी, मांडणी : भरलेल्या वर्गाला कामाला लावणारी रीत

अध्यापनाच्या रीती – लेखांक ६

प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने उत्तरासाठी किती वेळ थांबावे, याची चर्चा मागील लेखांकात झाली. तो थांबण्याचा वेळ शे-दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात कसा वापरावा, हा या लेखांकाचा विषय आहे. कारण एवढ्या मोठ्या वर्गात प्रश्न टाकून शिक्षक कितीही थांबले, तरी पहिल्या दोन बाकांवरील ठरावीक चार-पाच विद्यार्थीच उत्तर देतात आणि उरलेला वर्ग त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसतो. मुंबई विद्यापीठाच्या ७५ टक्के उपस्थितीच्या नियमामुळे विद्यार्थी वर्गात येतो, हे खरे. पण हजेरी लागल्यानंतर त्याचे लक्ष कोठे असावे, हे कोणताही नियम ठरवू शकत नाही. मोबाईलमुळे आजच्या विद्यार्थ्याची एकाग्रता संपली, असे निदान शिक्षकांच्या खोलीत सर्रास ऐकू येते, परंतु ज्या वर्गात विद्यार्थ्याला ऐकण्यापलीकडे काही करायचेच नसते, तेथे मोबाईल नव्हता तेव्हाही वहीच्या शेवटच्या पानावर फुल्या-गोळ्यांचा खेळ रंगत असे.

या अडचणीवरचा एक उपाय चार दशकांहून अधिक जुना आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या रीतीला ‘थिंक-पेअर-शेअर’ म्हणतात. मराठीत तिला ‘विचार, जोडी, मांडणी’ म्हणता येईल. पहिल्या टप्प्यात प्रत्येक विद्यार्थी दिलेल्या प्रश्नावर एकट्याने विचार करून आपले उत्तर लिहितो, दुसऱ्या टप्प्यात तो शेजारच्या विद्यार्थ्याशी उत्तर ताडून पाहतो आणि तिसऱ्या टप्प्यात काही जोड्या आपले म्हणणे सर्व वर्गापुढे मांडतात, ज्यावर शिक्षक चर्चा घडवून शेवटी निष्कर्ष काढतात. जोडी शेजाऱ्याशीच जुळत असल्यामुळे जमिनीला पक्के बसवलेले बाक हलवावे लागत नाहीत आणि यंत्रसामग्रीही लागत नाही.

ही रीत मोठ्या भारतीय वर्गात चालते का, याचा पद्धतशीर तपास पवई येथील आयआयटी मुंबईत झाला. साहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्षाच्या संगणक प्रोग्रॅमिंगच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात ती वापरली आणि प्रत्येक टप्प्यात विद्यार्थी लिहीत आहेत, चर्चा करत आहेत की भलतेच काही करत आहेत, याची निरीक्षकांकरवी नोंद घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सरासरी ८३ टक्के विद्यार्थी दिलेल्या कामात गुंतलेले आढळले. गुंतलेला विद्यार्थी शिकलाच असे यावरून सिद्ध होत नाही, मात्र जो गुंतलाच नाही तो शिकण्याची शक्यता फारच कमी, एवढे निश्चित म्हणता येते. या प्रयोगाचे मर्म असे, की प्रत्येक टप्प्याअखेर विद्यार्थ्याच्या हाती काहीतरी लिखित यावे, अशी कामाची आखणी होती. ‘जरा विचार करा’ असे सांगून सोडून दिले, तर पहिला टप्पा केवळ विश्रांतीचा ठरतो.

आयआयटीतील विद्यार्थी निवडून आलेले असतात, तेव्हा सर्वसाधारण महाविद्यालयात हे जमेल का, अशी शंका रास्त आहे. ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडील कोपरीतून रेल्वेचा पादचारी पूल ओलांडून पश्चिमेच्या महाविद्यालयांत जाणारे विद्यार्थी पाहिले, तर त्यांत मराठी माध्यमातून आलेले असतात, इंग्रजी माध्यमातून आलेले असतात आणि फाळणीनंतर कोपरीत वसलेल्या सिंधी कुटुंबांतील मुलेही असतात. वाणिज्य शाखेचे अध्यापन मात्र बहुधा इंग्रजीतून होते. अशा मिश्र वर्गात भर वर्गात इंग्रजीतून उत्तर देण्याचा संकोच ही गप्प राहण्यामागील मोठी अडचण असते, आणि जोडीचा टप्पा नेमका तेथे उपयोगी पडतो, कारण शेजाऱ्याशी मराठीत किंवा हिंदीत बोलून विद्यार्थी आधी संकल्पना पक्की करतो आणि मग तिला इंग्रजी शब्द जोडतो.

वाणिज्याच्या वर्गातील एक नमुना प्रश्न येथे उपयोगी पडेल. ना-नफा-ना-तोटा बिंदू, म्हणजे ज्या विक्रीला एकूण खर्च आणि एकूण उत्पन्न समान होतात ती विक्री, ही संकल्पना शिकवायची आहे, असे समजू. स्थानकाबाहेरील वडापावच्या एका गाडीचा दिवसाचा स्थिर खर्च ६०० रुपये, एका वडापावचा बदलता खर्च १४ रुपये आणि विक्रीची किंमत २० रुपये असेल, तर प्रत्येक नगामागे ६ रुपये उरतात आणि १०० वडापाव विकल्यावर खर्च भरून निघतो. आता किंमत १० टक्क्यांनी उतरवून १८ रुपये केली, तर किती वडापाव विकावे लागतील? घाईने विचार करणारा ११० म्हणतो. प्रत्यक्षात नगामागे आता ४ रुपयेच उरतात, म्हणून १५० विकावे लागतात. किमतीत १० टक्के घट झाली, पण आवश्यक विक्री ५० टक्क्यांनी वाढली. वहीत ११० लिहिलेला आणि १५० लिहिलेला असे दोघे शेजारी बसले, की वाद होतो आणि त्या वादात ‘नगामागील शिल्लक’ या राशीचे महत्त्व शिक्षकांनी न सांगताच उलगडते.

अशा प्रश्नाची निवड हेच या रीतीतील अवघड काम आहे. जोडीतील चर्चेवर आधारलेली ‘पिअर इन्स्ट्रक्शन’ ही जवळची रीत हार्वर्ड विद्यापीठात १९९१ पासून राबवणारे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर यांचा दंडक असा, की पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली तरच चर्चा घडवावी. त्याहून कमी आली तर संकल्पना पुन्हा समजावून द्यावी आणि जास्त आली तर पुढे जावे. व्याख्येची घोकंपट्टी तपासणारा प्रश्न म्हणूनच येथे कुचकामी ठरतो.

पोर्शन पुरा कसा होणार, हा आक्षेप उरतो. ४८ मिनिटांच्या तासात विचाराला दोन, जोडीला चार आणि मांडणीला सहा अशी बारा मिनिटे दिली, तर छत्तीस मिनिटे व्याख्यानासाठी राहतात, आणि आठवड्यातून अशी एक-दोन सत्रे घेतल्यास अभ्यासक्रम कोलमडत नाही. विज्ञान, तंत्रज्ञान व गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचा २०१४ मध्ये अमेरिकेत जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नापास होण्याची शक्यता सक्रिय अध्यापनाच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या दीडपट आढळली. मात्र २०१९ मध्ये हार्वर्डच्या एका अभ्यासात असेही दिसले, की सक्रिय वर्गातील विद्यार्थी अधिक शिकले तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले, कारण स्वतः डोके चालवण्याचे श्रम त्यांना अपयशासारखे भासले. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीलाच या श्रमांचे प्रयोजन विद्यार्थ्यांना सांगणे हा रीतीचाच भाग मानावा.

व्याख्यान टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाही. गुंतागुंतीचा विषय सुसूत्र मांडण्यास आजही त्याच्याइतके सोयीचे साधन नाही. तथापि, येत्या सत्रात प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या विषयातील विद्यार्थी हमखास चुकतात असे पाच प्रश्न हेरून केवळ त्यांच्यापुरती ही रीत वापरून पाहावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.