हात फोनकडे जातो : नोकरदार प्रौढ आणि आंतरजालाचे व्यसन



आपल्यापैकी अनेकजण ही पुस्तिका दिवसभराची नोकरी आटोपून, रात्रीची जेवणे झाल्यावर उघडत असतील. शेजारी मोबाइल असेलच. संपर्कसत्राची वेळ त्यावरच कळते आणि उद्याच्या कामाचा निरोपही त्यावरच येतो. निरोप पाहण्यासाठी तो हाती घेतला आणि पाऊण तास कोठे गेला हे समजले नाही, असा अनुभव आपणांस आला असेल, तर 'मला व्यसनच लागले आहे' असे आपण सहज म्हणून गेला असाल. हे विधान कितपत खरे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. आपण भाषेचे अभ्यासक असल्याने आरंभ शब्दापासून करू.

'व्यसन' हा शब्द 'अस्' म्हणजे फेकणे या संस्कृत धातूला 'वि' हा उपसर्ग लागून बनला. जे माणसाला श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याची व्युत्पत्ती कौटिल्याने दिली आहे. अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे. मात्र तेथे राजा, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश अशा राज्याच्या अंगांवर येणारी संकटेही 'व्यसने'च आहेत. मनुस्मृतीत राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. त्यांत मद्य आणि द्यूत आहेतच. पण दिवसा झोपणे, परनिंदा, गाणे-बजावणे आणि निष्कारण भटकणे हीही आहेत. (समाजमाध्यमांवरील आपला एक तास डोळ्यांसमोर आणून ही यादी पुन्हा वाचावी.) येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ही यादी ज्याच्या शिरावर कामाची जबाबदारी आहे अशा माणसासाठी केलेली आहे. गाणे ऐकणे हा स्वतः दोष नव्हे. त्यापायी कर्तव्य सुटते, तेव्हा ते व्यसन ठरते.

आधुनिक संज्ञेचा जन्म मात्र थट्टेतून झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये निदानाच्या नियमावल्यांची गंमत करण्यासाठी 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर' असा आजार रचला. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी जुगाराच्या विकृतीचे निकष आंतरजालाला लावून या विषयाचा गंभीर अभ्यास मांडला. आजही वैद्यकशास्त्राचे यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ला, म्हणजे खेळांच्या विकृतीला, स्थान आहे. सर्वसाधारण आंतरजाल-व्यसनाला स्वतंत्र स्थान नाही.

आता मराठीकडे वळू. छंद, नाद, चाळा, सवय, चटक, व्यसन अशी शब्दांची एक उतरंडच आपल्याकडे आहे. त्यांची वाक्यरचना पाहावी. 'मी छंद जोपासतो' या वाक्यात कर्ता 'मी' आहे. 'मला सवय लागली', 'मला व्यसन जडले' या वाक्यांत मात्र 'मी'चा 'मला' झाला. कर्तेपण सवयीकडे आणि व्यसनाकडे गेले. 'हात फोनकडे जातो' असे म्हणताना तर माणूस वाक्यातूनच नाहीसा होतो. ही केवळ पळवाट आहे असे मला वाटत नाही. इच्छेविना घडणाऱ्या कृतीचे ते बरेच अचूक वर्णन आहे. मोबाइलच्या बहुतांश वापराला 'चाळा' हाच शब्द योग्य होय : बोटे गुंतलेली, मन भलतीकडे आणि हेतू कोणताच नाही.

चाळ्याचे व्यसन का होते? बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, टोच मारल्यावर दाणा प्रत्येक वेळी न मिळता अनिश्चितपणे मिळत राहिला, तर टोच मारण्याची सवय अधिक चिवट होते. आपल्या मोबाइलवर चाळीस निरोप निरुपयोगी असतात आणि एकेचाळिसावा वरिष्ठांचा असतो. विद्यार्थ्यापेक्षा नोकरदाराची अडचण येथे अधिक बिकट आहे, कारण त्याचा दाणा खरा असतो. पाळी बदलल्याचा किंवा रजा नामंजूर झाल्याचा निरोप चुकला, तर नुकसान प्रत्यक्ष होते. त्यातच आझा रास्किन यांनी २००६ मध्ये योजलेली, पानाला तळच नसणारी रचना आता सर्वत्र आहे. थांबण्याची जागाच उरलेली नाही. रास्किन यांनी याबद्दल पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला.

म्हणूनच दारूची तुलना येथे पुरती लागू पडत नाही. मद्यपीला कोणी कामासाठी पिण्याची आज्ञा करीत नाही. नोकरदाराला मात्र मोबाइल सोडता येत नाही, आणि 'कामासाठीच पाहतो' हे त्याचे म्हणणे निम्मे खरे असते. उरलेले निम्मे ओळखणे कठीण, ही या प्रश्नाची खरी मेख आहे. केवळ तास मोजून ते ओळखता येत नाही. संगणकावर दहा तास हिशेब लिहिणारा कारकून व्यसनी नव्हे. ठरविलेल्या वेळी थांबणे अशक्य होते का, झोप, घरचे बोलणे किंवा अभ्यास यांवर ते कुरघोडी करते का, आणि हानी दिसूनही ते चालूच राहते का, हे प्रश्न विचारावेत. उत्तरे दीर्घकाळ होकारार्थी असतील तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यात संकोच नको. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे.

सारा भार व्यक्तीवर टाकणेही मात्र न्याय्य नाही. रात्री अकराला आलेल्या निरोपाला उत्तर देणाऱ्याला व्यसनी म्हणावे, की निरोप पाठविणाऱ्याला जाब विचारावा? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असणाऱ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशा हक्काचे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

स्वाध्याय : एक संपूर्ण दिवस, मोबाइल हाती घेतल्यावर प्रत्येक वेळी एक वाक्य वहीत लिहा. वाक्य मनात जसे आले तसेच लिहावे. 'मी पाहिले', 'मला पाहावे लागले', 'पाहिले गेले' यांपैकी कोणती रचना किती वेळा आली, ते दुसऱ्या दिवशी मोजा. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांपुढे 'कोणामुळे' याचे उत्तर लिहा आणि ती वही पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.