शेवटचा जीवाश्म आणि शेवटचा प्राणी

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांना नदीच्या जुन्या गाळात पुराश्मयुगीन हत्यारे व 'बॉस नमादिकस' या रानबैलाचे जीवाश्म मिळाले. त्यांविषयीचा त्यांचा लेख १९५६ साली प्रसिद्ध झाला. हा प्राणी या खोऱ्यातून केव्हा नाहीसा झाला, असे विचारताच सर्वांत वरच्या थरातील हाडाकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. परंतु असंख्य मृत जनावरांपैकी एखाद्याचेच हाड गाळात पुरले जाते, टिकते आणि अभ्यासकाच्या दृष्टीस पडते. ते नेमके शेवटच्या जनावराचे असणे जवळजवळ अशक्यच. जाती जितकी विरळ, तितकी तिची नोंद अकाली संपते. त्यामुळे एकदम नष्ट झालेल्या जातीही थरांत एकामागून एक गेल्यासारख्या दिसतात. सिग्नोर व लिप्स यांनी १९८२ मध्ये हे निदर्शनास आणले.

मग खरा अंत किती पुढे असेल? पहिल्या व शेवटच्या नमुन्यांमधील अंतरास 'ज्ञात अवधी' म्हणू. नमुने त्यात यदृच्छेने व सारख्या प्रमाणात विखुरलेले असतील, तर मधल्या रिकाम्या जागांवरून टोकापलीकडील रिकाम्या जागेचा अंदाज बांधता येतो. स्ट्रॉस व सॅडलर यांच्या १९८९ च्या सूत्रानुसार नमुने दहा पातळ्यांवर मिळाले असल्यास, ९५ टक्के विश्वासाने, खरा अंत शेवटच्या नमुन्यापुढे अवधीच्या सुमारे ४० टक्के अंतराच्या आत येतो. पाचच पातळ्या असल्यास हे अंतर १११ टक्के, आणि दोनच असल्यास एकोणीसपट होते! प्रथम आगमनाचे गणितही हेच, केवळ उलट्या दिशेने.

प्रवरेच्या बाबतीत मात्र मूळ गृहीतकच डळमळते. गोट्यांचे भरड थर व बारीक गाळ हाडे सारख्याच प्रमाणात राखीत नाहीत. मध्येच नदीने थर खरवडून नेलेले असतात. असमान विखुरणीची सोय मार्शल यांनी १९९७ मध्ये सुचविली. परंतु जुन्या थरातून उकरलेले हाड नव्या गोट्यांत जाऊन बसले, तर नष्ट झालेली जाती कागदोपत्री हजारो वर्षे जगत राहते, आणि हा दोष सूत्राला दिसतच नाही. तेथे हाडाची झीज पाहणारा डोळाच हवा.

शिवाय येथे नावाचाही प्रश्न आहे. वशिंडाच्या गुरांचे पूर्वज या रानबैलातच शोधले जातात, आणि नेवासे व दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत पाळीव गुरांची हाडे मिळाली आहेत. तेव्हा अवधीच्या वरच्या टोकाशी येणारे प्रत्येक हाड रानटी की पाळीव, हे नमुने मोजण्यापूर्वीच ठरवावे लागते.