खाडीतल्या माशांचं वेळापत्रक

ठाण्याहून कळव्याकडे निघालेली लोकल खाडीच्या पुलावर आली, की खिडकीतून काय दिसतं? गढूळ पाणी, काळा चिखल आणि काठावरची हिरवी तिवरं. "इथं कसले आलेत मासे!" असं तुम्ही म्हणाल. पण मासे आहेत, बरं का! आणि तुमच्या शाळेसारखंच त्यांचंही वेळापत्रक असतं. कुणी कुठं बसायचं आणि कधी यायचं, हे ठरलेलं असतं. ते ठरवतं कोण? मीठ!

समुद्राच्या एक लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. नदीच्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच. खाडीत या दोन्ही पाण्यांची भेट होते. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. त्यामुळे खारटपणा सारखा कमी-जास्त होतो.

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. ठाण्याजवळ ती अरुंद आणि उथळ आहे. दक्षिणेला रुंद होत होत ती मुंबई बंदराला मिळते. मुखाकडे मांदेली, बोंबील अशी समुद्राची सवय असलेली मासळी. आतल्या बाजूला बोय, शिंगाळा, कोळंबी आणि चिंबोऱ्या. आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी! अंग ओलं असेल तर ती कातडीतूनही श्वास घेते, म्हणून पाण्याबाहेर राहू शकते. शिंगाळ्याची गंमत तर ऐका. त्याची अंडी नर तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. असे बाबा पाहिलेत कधी?

आता ऋतू पाहू. उन्हाळ्यात नदीचं पाणी आटतं, खाडी खारट होते आणि समुद्रातले मासे आतपर्यंत येतात. पावसाळ्यात उलट. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी बदलापूर, कल्याण, डोंबिवलीवरून दुथडी भरून वाहते. दुर्गाडी किल्ल्याखालचं पाणी गोडं होतं, आणि ज्यांना गोडं पाणी सोसत नाही ते मासे मुखाकडे सरकतात. जिताडा मात्र दोन्हीकडचा. वाढतो खाडीत आणि गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला खारं पाणी गाठतो. आणखी एक नवल म्हणजे, जिताडा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो!

पहिल्या पावसात नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत, शेतांत चढतात. हेच वलगणीचे मासे. त्यांच्या पोटात अंडी असतात. एक मासा पकडला, की त्याच्याबरोबर हजारो पिल्लं गेली. म्हणून तर जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रातली मासेमारी बंद असते. ओढ्याकाठी मात्र हा नियम आपला आपणच पाळायचा.

पण मुलांनो, या वेळापत्रकात आता घोळ झाला आहे. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी खाडीत येतं. ती घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. ठाण्याकडचं टोक अरुंद असल्याने तिथली घाण समुद्रापर्यंत लवकर जात नाही. मग नाजूक मासे तिथं येईनासे होतात आणि चिवट तेवढे उरतात. खाडीवर पोट असलेल्या कोळ्याचं जाळं रिकामं येतं ते असं.

२०१५ साली या खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला. २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळ जागेचा जागतिक मान मिळाला. पण पाटी लावून पाणी स्वच्छ होत नाही. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं लपतात, वाढतात. तिथं भराव पडला की त्यांची बालवाडीच बंद!

एक उद्योग करा. या रविवारी आई-बाबांबरोबर बाजारात जा आणि कोळीणमावशींना विचारा, "मावशी, हा मासा खाडीतला की समुद्रातला?" उत्तर तारखेसह वहीत लिहा. दर महिन्याला हेच करा. वर्षभरानं तुमच्याजवळ तुमच्या गावच्या माशांचं वेळापत्रक तयार होईल. आणि हो, निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली टाकणारं कुणी घरात असेल, तर त्यांना निवटीची गोष्ट जरूर सांगा!